दुसऱ्याच्या घरची मूठ

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्याच्या झाकणावरचं चित्र घासून घासून पुसट झालं होतं. रोज भाताचा तांदूळ मोजून घेतला की, तो धुण्याआधी, माझी पत्नी त्यातली एक मूठ त्या डब्यात टाकायची. टाकताना क्षणभर डोळे मिटायची, ओठ किंचित हलायचे, आणि लगेच ती तांदूळ धुवायला घ्यायची. मी दारात वर्तमानपत्र घेऊन बसलेला असायचो. ती काय पुटपुटते हे मी कधी विचारलं नाही. घरात वाचन माझं आणि प्रार्थना तिची, अशी आमची वाटणी न बोलता झाली होती.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. ती पौडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं अगदी थोडी होती: आमचं, एसटीतल्या एका कंडक्टरचं, कचेरीतल्या एका कारकुनाचं, आणि दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या एका विधवा बाईचं. तिला सारं गाव मावशी म्हणे. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, पौडला नव्हतं. महिन्यातून एका रविवारी पाळकसाहेब पुण्याहून एसटीने येत आणि पाळीपाळीने एकेकाच्या घरी उपासना होई. त्या दिवशी सगळ्या घरांतले मुठीचे डबे एकत्र ओतले जात. त्यातला काही तांदूळ तिथेच शिजे आणि आम्ही सगळे एका पंगतीला जेवत असू. उरलेला पाळकसाहेब पिशवीत घालून पुण्याच्या एका वसतिगृहातल्या मुलांसाठी नेत. डबे गोळा करण्याचं काम मावशीकडे होतं आणि ती ते तहसीलदाराच्या तोऱ्यात करी.

माझी पत्नी काविळीने गेली. पुण्याच्या इस्पितळात नेईपर्यंत ती बोलत होती, नंतर बोलली नाही. पौडला आमची दफनभूमी नव्हती, म्हणून तिला पुण्यातच पुरलं. दुपारच्या गाडीने मी परत आलो तेव्हा इस्पितळात नेलेली तिची पिशवी माझ्या मांडीवर होती. तिच्यात एक पेला, एक चमचा आणि एक साडी होती. माणूस एका गावात आणि त्याची भांडी दुसऱ्या गावात, या गोष्टीची मला पुढे फार दिवस सवय झाली नाही.

त्यानंतर माझी प्रार्थना बंद पडली. प्रभूची प्रार्थना मला म्हणता येई, स्तोत्रं म्हणता येत, पाळकसाहेबांच्या मागून आमेन म्हणता येई. पण माझं स्वतःचं म्हणून एक वाक्य निघेना. डोळे मिटून सुरुवात केली की जे शब्द येत ते कुणीतरी वर्गात पाठ करून म्हणून दाखवल्यासारखे वाटत, आणि मी मास्तर असल्यामुळे ते लगेच ओळखत असे. देवाला सांगण्यासारखं एक तरी खरं वाक्य माझ्या तोंडून निघावं, एवढीच माझी इच्छा होती. ते निघालं नाही तर ती ज्याच्यापाशी गेली असं सगळे म्हणत होते, त्याच्याशी माझं बोलणंच राहिलं नाही, असं होणार होतं.

महिन्याची उपासना आली तेव्हा मावशी दारात येऊन उभी राहिली.

"सर, डबा देताय न्हवं?"

"मावशी, आता डबा कोण भरणार?"

"हात हायेत की तुमाला."

ती आत आली, फळीवरून डबा तिनेच काढला आणि आपल्या पिशवीत ओतला. तळाचे दाणे पडावेत म्हणून तिने बुडावर दोन थापा मारल्या. माझ्या पत्नीच्या हातच्या शेवटच्या मुठी इतरांच्या तांदळात मिसळल्या. मी पाहत राहिलो. कुठला दाणा कुणाचा हे पुन्हा कधीच सांगता येणार नव्हतं. मावशीने रिकामा डबा पदराने पुसून जागेवर ठेवला आणि म्हणाली, "उद्यापासनं तुमी."

दुसऱ्या दिवसापासून मी मूठ काढू लागलो.

त्या वर्षी मी पुष्कळ वाचत होतो. आत्मिक वाढ हा पाळकसाहेबांचा आवडता शब्द होता. रोप वाढतं, लेकरू वाढतं, तसा विश्वासणाराही वाढला पाहिजे, असं ते प्रत्येक वेळी सांगत. मला वाटलं, माझी प्रार्थना बंद पडली ती वाढ खुंटल्यामुळे. मग मी नियम केले. पहाटे उठायचं, शास्त्राचा एक अध्याय वाचायचा, मनन करायचं, आणि भाताआधी मूठ काढताना डोळे मिटून म्हणायचं, "प्रभू, माझी वाढ कर." रोज तेच वाक्य. ते खरं वाटत नव्हतं, पण पाढेही आधी पाठ होतात आणि मग समजतात, असं मी स्वतःला सांगत असे.

तांदूळ मोजायला तिची पितळेची लहान वाटी होती. माणशी एक वाटी, हा तिचा हिशेब. मी एकटा, म्हणून एक वाटी घेई आणि त्यातून एक मूठ काढी. माझी मूठ तिच्या मुठीपेक्षा मोठी होती. मागे जे उरे त्याचा भात म्हणजे दोन-चार घास होत. आणखी अर्धी वाटी घ्यावी असं मनात येई, पण दिलेलं दान दुसऱ्या हाताने परत खिशात घालण्यासारखं ते मला वाटे. जे देताना आपल्याला काही कमी पडत नाही ते देणं कसलं, असंही मी कुठेतरी वाचलं होतं. मग ताक पिऊन मी शाळेत जाई.

दोन महिन्यांत विजारीला पिन लावावी लागली. पहाटे वाचताना अक्षरं किंचित हलत. चालताना पाय जमिनीला टेकत नाहीत असं वाटे. मला तो हलकेपणा चांगला वाटला. देह मागे पडत चालला आहे आणि आत काहीतरी जागं होतं आहे, असं मी समजलो. महिन्याच्या पंगतीत मी पोटभर जेवे, आणि त्या संध्याकाळी मला हटकून वाटे की प्रभू आज जवळ होता. हे दर वेळी जेवणानंतरच का वाटतं, असा प्रश्न मला पडला नाही.

जिवाला मात्र चैन नव्हती. शाळा सुटली की घरी जाववत नसे. मी नदीवर जाई, नदीवरून एसटी स्टँडवर, स्टँडवरून कचेरीच्या कट्ट्यावर, आणि पुन्हा नदीवर. मुळेच्या काठी म्हशी धुणारे लोक माझ्याकडे पाहून रामराम करत आणि थोड्या वेळाने मी परत आलेला पाहून पुन्हा करत. काही दिवस मी पुण्याच्या गाडीत बसलो. दफनभूमीत जाऊन यावं, तिच्याजवळ थोडं बसावं, असं ठरवून निघे. पण वाटेत भूगाव आलं की उतरून पडे. त्या वेळी भूगावात एक चहाची टपरी, शेतं आणि थोडी घरं, याखेरीज काही नव्हतं. टपरीपाशी उभा राहून मी परतीच्या गाडीची वाट पाही.

आमच्यातला तो कंडक्टर एकदा त्याच गाडीवर होता. माझ्याकडून पैसे घेताना त्याने विचारलं, "सर, भूगावात काय काम असतं तुमचं?"

"काही नाही."

"मग पुढचं तिकीट फाडू का?"

"नको. भूगावच."

त्याने तिकीट दिलं. उतरताना मात्र घंटी ओढायला त्याने जरा उशीर केला. मी तरीही उतरलो.

बाजारपेठेत ज्यांच्याकडून आम्ही किराणा घेत असू ते मुसलमान गृहस्थ होते. सगळे त्यांना भाई म्हणत. त्यांच्या दुकानात आंबेमोहोराची पोती उघडी असत आणि वास रस्त्यापर्यंत येई. एक दिवस तांदूळ तोलता तोलता ते म्हणाले, "सर, दुसरं दुकान धरलं का?"

"नाही हो."

"मग तांदूळ एवढा कमी कसा लागतो? आणि तुम्ही बी वाळत चाललाय. उपास चालू हायेत म्हणे. मावशी सांगत व्हत्या."

 नाही म्हणायला जीभ उचलली नाही, कारण तसं म्हणवून घेणं मला आवडू लागलं होतं.

भाईंनी पुडीला दोरा गुंडाळला. "आमचे रोजे महिनाभर असतात, पण रोज सांजच्याला सुटतात तरी. तुमचे सुटतात कधी?"

दुकानातली दोन माणसं हसली. मीही हसलो. पण वाटेत ते वाक्य माझ्या मागे मागे येत राहिलं.

बोलता बोलता ही उपासांची बातमी पाळकसाहेबांपर्यंत पोचली. ते साधे, भाबडे गृहस्थ होते. उपासनेनंतर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "सर, दुःखाने माणूस खचतो. तुमच्यात मात्र वाढ दिसते. पुढच्या महिन्यात सुगीची उपकारस्तुती तुमच्या घरी ठेवू. मुख्य प्रार्थना तुम्हीच करायची."

मी नको म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

तो महिना माझा फार वाईट गेला. प्रार्थनेची वाक्यं मी चालता चालता जुळवू लागलो. 'हे सर्वसमर्थ पित्या' इथून सुरुवात करायची, मग पावसाबद्दल उपकार, पिकाबद्दल उपकार, मग दुःखातही तू दिलेल्या सांत्वनाबद्दल उपकार. इथे येऊन मी अडखळे. सांत्वन मिळालं नव्हतं. ते वाक्य गाळलं तर पुढचं लागेना, ठेवलं तर खोटं वाटे. मी वाक्य बदलून पाही, नदीवर जाई, परत येई. शिकवताना एकदा फळ्यावर अर्धी ओळ लिहून मी तसाच थांबलो. मागे वर्ग शांत बसला होता. शेवटी कुणीतरी हळूच विचारलं, "सर, पुढं?" पुढे काय लिहायचं होतं ते मला खरंच आठवत नव्हतं.

उपासनेचा रविवार आला. भाताची कापणी झाली होती, खाचरांत नुसते सड उभे होते. मावशी सकाळीच आली. पंगतीचा स्वयंपाक तिच्याकडे होता. तिने पदर खोचला, कांदे पुढ्यात घेतले आणि चिरू लागली. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी रोजच्याप्रमाणे वाटीभर तांदूळ घेतला आणि त्यातली मूठ डब्यात टाकून डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा मावशी विळीवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती.

"कुणाच्या नावानं टाकली?"

"माझ्या."

"तुमच्या म्हंजी?"

"म्हणजे माझ्याच. माझी वाढ व्हावी म्हणून."

ती हसू लागली. कांद्याने डोळ्यांत पाणी होतंच. "अवो सर, आपल्या घरची मूठ आपण काढतंय व्हय कुणी? आपल्याच ताटात वाढून घ्यायचं आन् वर आपणच आग्रह करायचा, तसलं झालं की ह्ये."

"मला कुणी सांगितलं नाही."

"बाप्यांना कोण सांगतंय? चुलीपाशी असतंय ते. तांदूळ आपला, पर मूठ दुसऱ्याच्या घरची काढायची. त्या घराचं नाव घ्यायचं, काय मागायचं ते मागायचं, झालं."

"मग या घरची कोण काढतं?"

"मी. बाई हितं बदलून आल्या तवापासनं. मी त्यांच्या घरची, त्या माझ्या घरची."

"अजून काढता?"

"मग? बाई गेल्या. घर हाय की."

ती पुन्हा कांदा चिरू लागली. मी वाटी हातात घेऊन उभा होतो. पत्नी गेल्यापासून कुणीतरी रोज आमच्या घराचं नाव घेत होतं आणि मी मात्र भूगावच्या टपरीपाशी उभा राहून आपण एकटे आहोत असं समजत होतो.

"आणि तुमच्या घरची मूठ?" मी विचारलं.

"ऱ्हायली असंल," ती म्हणाली. मान तिने वर केली नाही.

तिचा एकुलता मुलगा पिंपरीला कारखान्यात होता. पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, तो येणार होता आणि आला नव्हता. नंतरही आला नव्हता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं.

मी काही बोलणार तेवढ्यात तिने माझ्या हातातल्या वाटीत डोकावून पाहिलं. "आन् ह्या एवढुशा तांदळातनं मूठ काढता व्हय तुमी? मंग खाता काय, डबा?"

"तेवढं पुरतं."

"पुरतं म्हनं. विजार बगा. मी सगळ्या गावाला सांगतीया सर उपास करत्यात, आन् हितं सर उपाशी." तिने हातातला कांदा परातीत टाकला. "लई शिकल्याला मानूस म्हणून ह्यो घोळ."

दुपारी सगळे आले. सतरंज्या टाकल्या होत्या. कंडक्टर आणि त्याची बायको, कारकुनाचं घर, पाळकसाहेब, सारी मंडळी दाटीने बसली. पलीकडे चुलीवर भाताला वाफ धरली होती आणि नव्या आंबेमोहोराचा वास बाहेरच्या खोलीत येत होता. गीत झालं, वाचन झालं, आणि पाळकसाहेब म्हणाले, "आता सर आपल्या सर्वांच्या वतीने प्रार्थना करतील."

मी उभा राहिलो. महिनाभर जुळवलेली सगळी वाक्यं होती, एकामागे एक उभी होती. डोळे मिटले आणि त्यातलं एकही आलं नाही. भाताचा वास तेवढा येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. कुणीतरी खोकलं.

"प्रभू," मी म्हणालो, "मला भूक लागली आहे. घरात एकट्याला जेववत नाही."

पुढे काही नव्हतं. मी थांबलो. पाळकसाहेब पुढच्या वाक्याची वाट पाहत होते, सगळेच पाहत होते. आत तपेल्यावरचं झाकण थडथडत होतं. मी डोळे उघडले नाहीत, कारण ते उघडले तर काय होईल याची मला भीती वाटत होती.

"आमेन," स्वयंपाकघराच्या दारातून मावशी म्हणाली. "पाळकसाहेब, भात झालाय."

कंडक्टरची बायको तोंडाला पदर लावून हसली. मग पाळकसाहेबही हसले आणि त्यांनी आशीर्वाद नेहमीपेक्षा थोडक्यात दिला. ताटं मांडली गेली. मला मावशीने तीनदा वाढलं आणि तिन्ही वेळा मी नको म्हणालो नाही. शेजारी बसलेले पाळकसाहेब हळूच म्हणाले, "सर, मला वाटलं होतं तुम्ही उपवास..."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन वाट्या तांदूळ घेतला. त्यातली मूठ हातात धरून उभा राहिलो. आता कुणाचं नाव घ्यायचं ते माहीत होतं, पण म्हणायचं काय ते ठरत नव्हतं. मावशीचं घर मी जरा आठवून पाहिलं. उतरलेली कौलं, दारातली शेळी, खुंटीला अडकवलेला तिच्या मुलाचा जुना सदरा. "तिच्या मुलाला घरी यावंसं वाटू दे," मी म्हणालो. त्या वाक्यात वाढ वगैरे काही नव्हती. पण ते पाठ केलेलं नव्हतं, हे माझ्या कानांनी लगेच ओळखलं.

नाताळला मुलगा आला. दोन दिवस राहिला, कौलांवरून आईशी भांडला, आणि तिने बांधून दिलेल्या करंज्या घेऊन परत गेला. माझ्या मुठीमुळे तो आला असं मी म्हणत नाही. कारखान्याला सुट्टी होती आणि गाड्या चालू होत्या. मावशीही तसं काही म्हणाली नाही. पुढच्या वेळी डबा न्यायला आली तेव्हा जाताना दारातून एवढंच म्हणाली, "मूठ सोडू नका. आता कौलांचं मागा."

माझी अस्वस्थता त्या दिवशी संपली असं मी लिहिलं तर ते पुन्हा पाठ केलेलं वाक्य होईल. पुढेही कितीतरी महिने मी पुण्याच्या गाडीत बसून भूगावला उतरत होतो. मग एकदा उतरलो नाही. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्याने न विचारता पुढचं तिकीट फाडलं. दफनभूमीत मी फार वेळ बसलो नाही. तिला सांगायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती: तू रोज काय पुटपुटायचीस ते मला आता कळलं. त्यात माझं नाव नव्हतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

काही वर्षांनी माझी पौडहून बदली झाली. त्यानंतर मावशी गेल्याचं कळलं. आता मी शहरात राहतो. इथे देऊळ आहे, मोठं आहे, अर्पणासाठी लाकडी पेटी फिरते, आणि मुठीच्या डब्याबद्दल कुणाला सांगितलं तर लोक कौतुकाने ऐकून घेतात. डबा मी अजून ठेवला आहे. मूठ काढतो, महिनाअखेर तांदूळ कुणा ना कुणाला देतो. नावं बदलत जातात. या मजल्यावरचं एक घर, एका जुन्या विद्यार्थ्याचं, आणि वरच्या मजल्यावरून रात्रंदिवस खोकण्याचा आवाज येतो त्या अनोळखी माणसाचं.

माझ्या घरची मूठ आता कुणाकडे आहे हे मला माहीत नाही. कदाचित कुणाकडेच नसेल. हे विचारायचं तरी कुणाला? तांदूळ धुण्याआधी हात त्या विचाराने थोडा थांबतो. बोटांतून दोन-चार दाणे ओट्यावर सांडतात. ते टिपून मी पुन्हा मूठ करतो आणि आज कुणाचं घर घ्यायचं ते आठवू लागतो.